दोन दारे
कोलकात्यास बदली होऊन आल्यापासून पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीच्या आगामी व्याख्यानांची इंग्रजी पत्रिका मी आवर्जून वाचतो. १७८४ साली सर विल्यम जोन्स यांनी स्थापिलेल्या या संस्थेचे सभासदत्व भारतीयांस मिळावयास १८२९ साल उजाडले. १८८५ साली राजेंद्रलाल मित्र तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. परक्यांचे दार असे हळूहळू आपले होते.

येत्या शनिवारी व्याख्यान आहे, आणि त्याच वेळी आमच्या मंडळात मुलांची मराठी पाठांतर-स्पर्धा. मी कोठे जाणार, असे कन्येने विचारले, तेही इंग्रजीत! मी निमूटपणे पत्रिका मिटली. ते दार उघडावयास ४५ वर्षे लागली. हे मिटावयास मात्र एक पिढी पुरेल.