लावली की राखली?

कायदा शिकणारा आणि साहित्य शिकणारा हे एकमेकांच्या वर्गात सहसा डोकावत नाहीत. वास्तविक दोघांचाही व्यवहार शब्दांशीच. १८५५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात पां. वा. काणे यांनी कायदा शिकवला आणि पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य झाले. संहितेतला एकेक शब्द कसून तपासणारी ही माणसे. या परंपरेविषयी आम्ही विद्यार्थिदशेत पुष्कळ ऐकले होते. तिचा प्रत्यय मात्र चेण्याला आला.

आमचे दिवस ठरलेले असत. सकाळी लोकलमध्ये उभ्याने निवाडे वाचायचे, दुपारी व्याख्याने, संध्याकाळी अभिरूप न्यायालयाची तयारी. महाविद्यालयाच्या नियतकालिकात आपला लेख यावा ही प्रत्येकाची महत्त्वाकांक्षा. तळटीपा मजकुराहून लांब असल्या की लेखक विद्वान ठरे. हे सारे इंग्रजीत. महाराष्ट्रातल्या जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालची आहे. पण ती मराठी आमच्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच थांबली होती.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले. विधी साहाय्य केंद्राचे काम त्याच्याच जवळचे. टोरांटोच्या ऑस्गुड हॉल विधि विद्यालयाचे विद्यार्थी १९७१ साली सुरू झालेल्या पार्कडेलच्या वस्तीकेंद्रात सबंध सत्र घालवतात. आमच्या वाट्याला काही रविवार आले.

चेणे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, घोडबंदर रस्त्यालगत. पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पुढे वसईची खाडी. तिथल्या एका आदिवासी पाड्यावर वनहक्काच्या दाव्याचे कागद तयार करण्यास मदत करायला आम्ही गेलो. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. सातबारा नाही, पावती नाही, मग दाखवायचे काय? २००८ च्या नियमांतला तेरावा नियम याचे उत्तर देतो. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने हे पुरावे आहेत. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, लेखी उतरवून घेतलेले कथनही पुरावाच आहे.

शेजाऱ्याच्या दाव्यासाठी एक आजी सांगायला बसल्या. आमच्यासमोर नमुन्यादाखल एक तयार वाक्य होते: 'सदर जमीन अर्जदाराचे कुटुंबाचे ताब्यात व वहिवाटीत पूर्वापार आहे.' आजींच्या सांगण्यात 'पूर्वापार' नव्हते. शेजाऱ्याच्या बापाने खोपट बांधले तेव्हा त्यांची थोरली लेक रांगत होती. ओढ्याच्या अंगाला चिंच, वरच्या अंगाला देवाचा दगड, त्यामधले शेत त्याचे. त्या लेकीला आता स्वतःची मोठी मुले होती. म्हणजे काळ आला, चतुःसीमा आल्या आणि साक्षीदार कोण तेही आले. नमुन्यातल्या वाक्यात यांपैकी काहीच नव्हते. आम्ही आजींचे शब्द उतरवले.

मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी हात वर केला. चिंच 'लावली' असे आधी त्याच म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "लावली नको लिहू, बाळा. ती आपसूक आली. त्यांनी राखली." मग अंगठा दिला.

निवाड्यांतल्या शब्दांचा कीस आम्ही वर्गात पाडत होतो. इथे अक्षरओळख नसलेली बाई आपल्या साक्षीतले क्रियापद तपासून घेत होती. 'राखली' हा शब्द अधिक खरा होता, आणि दाव्याच्या दृष्टीने अधिक मोलाचाही. झाड एका दिवसात लावता येते. राखायला वर्षानुवर्षे तिथे असावे लागते.

साहित्याच्या वर्गात ज्याला मौखिक कथन म्हणतात, त्याला या नियमाने पुराव्याचे स्थान दिले आहे. ते स्थान टिकते की नाही हे उतरवून घेणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. बोली ऐकून घेण्याची सवय, सांगणाराचा क्रम न मोडण्याचा संयम, 'सदर' आणि 'पूर्वापार' यांचा मोह आवरणे, हे विधीच्या अभ्यासक्रमात शिकवायचे कोणी? आम्हांला वाटते, शेजारच्या इमारतीतल्या मराठीच्या अध्यापकांनी. त्यांना कोणी बोलावले नसेल, तर हे आमंत्रण समजावे.