जवारीचा दोरा

आठवीच्या दिवाळीनंतर माझा आवाज फुटला. तोवर मी शाळेच्या समूहगीतात पहिल्या रांगेत असायचो. जिल्ह्याच्या स्पर्धेची तालीम सुरू झाली तेव्हा एका सरांनी मला मागच्या रांगेत नेलं आणि हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या स्पर्धेत मी बिनआवाजाचा उभा राहिलो, आणि नंतर बुधवारच्या गाण्याच्या तासाला पोटदुखीचं कारण सांगून वर्गातच बसू लागलो.

आमची शाळा मिरजेत. संगीताच्या बाई तिसऱ्या बुधवारी स्वतः वर्गात आल्या. "ऊठ, माझ्याबरोबर ये," एवढंच म्हणाल्या. संगीताच्या खोलीत कोपऱ्यात तानपुरा उभा होता. बाईंनी गवसणी काढली, मला मांडी घालून बसवलं आणि भोपळा माझ्या मांडीशी टेकवला. पहिली तार पंचमाची, ती मधल्या बोटानं छेडायची. मग जोडीच्या दोन तारा आणि शेवटचा खर्ज, या तिन्ही तर्जनीनं. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा, नेमका मिळवायचा तो खालच्या मण्यानं.

मी तार छेडली. ती ठप्प वाजली. बाईंनी सुताचा दोरा तोडला, घोडीवर तारेखाली सरकवला आणि म्हणाल्या, "आता तू पुढे-मागे कर, आणि ऐक." मी दोरा केसभर हलवत राहिलो. एका जागी तार एकदम बोलू लागली. मघाच्या त्याच तारेतून सुरांचा झोत निघाला आणि खोली भरून गेली. "ही जवारी," बाई म्हणाल्या. "दोरा स्वतः वाजत नाही रे. पण तो जागेवर नसला तर तार बोलत नाही."

त्या दिवसापासून दहावीपर्यंत शाळेचा तानपुरा माझ्याकडे होता. प्रार्थनेला, पंधरा ऑगस्टला, पाहुण्यांच्या स्वागतगीताला मी मागे बसून सूर धरायचो. गाणाऱ्या मुलांमधलं कोण चढतंय, कोण उतरतंय, हे मला गाताना कधी कळलं नव्हतं. ते त्या जागेवर बसून कळू लागलं.

बाई आम्हाला शनिवारी शाळा सुटल्यावर सतारमेकरांच्या गल्लीत न्यायच्या. वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी, लाकडाचा भुसा, घोडी घासताना दर दोन हातांनंतर तार छेडून पाहणारे कारागीर. बाई सांगायच्या, कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना लहानपणी दारूकामानं इजा झाली, त्याला उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि इथेच तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या दाराआड असलेलं गाणं वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा यांच्या वाटेनं सामान्यांच्या मुलांपर्यंत आणलं. "तुमचा हा बुधवारचा तास तिथून आलाय," असं बाई म्हणायच्या.

नववीच्या स्नेहसंमेलनात आम्ही 'संगीत सौभद्र'मधला एक प्रवेश केला. बाई पायपेटीवर, मी विंगेत तानपुरा घेऊन. रंगमंचावर जाण्याआधी प्रत्येकाच्या कानात षड्ज घालायचा, हे माझं काम. सुभद्रा झालेल्या मुलीचे हात थंड पडले होते, तिला काही ऐकूच येईना. मी तिचा तळवा धरून भोपळ्यावर टेकवला आणि तारा छेडत राहिलो. तिनं डोळे मिटले. सूर तिला हातातून कळला. मग ती आत गेली आणि पद नीट उचललं. बाईंनी पायपेटीवरून मान वळवून विंगेत पाहिलं. ती नजर मला अजून पुरते.

दहावीत माझा आवाज स्थिरावला. बाईंनी मला गांधर्वच्या 'प्रारंभिक' परीक्षेला बसवलं. घरची ओढाताण त्यांना ठाऊक होती. फी त्यांनीच भरली आणि मी पास झाल्यावरच घरी कळू दिलं. ते पैसे मी परत करायला गेलो तो नोकरी लागल्यावर. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "मला नको. कुणाला तरी दे."

मी पुढे गवई झालो नाही. एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती बातमी सांगायला बाई राहिल्या नव्हत्या. त्या रविवारी मी सतारमेकरांच्या गल्लीत गेलो आणि आमच्या शाळेसाठी एक तानपुरा घेतला.

आमच्याकडे समूहगीतात कुणालाही ओठ हलवायला सांगत नाहीत. ज्याचा आवाज फुटतो, त्याच्याकडे तानपुरा जातो. सध्या तो आठवीतल्या एका मुलाकडे आहे. दोरा त्याचा त्यालाच लावता येतो.