सांजची भाकरी

आमचं घर श्रीपुरात, कारखान्याच्या भोंग्याच्या टप्प्यात. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली, तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढलं. चहूकडं ऊस, आणि उसाला पाणी देणाऱ्या मोटारी. या मोटारींचा माझ्या गणिताशी संबंध असेल असं मला आधी वाटलं नव्हतं.

आईचा खोकला बळावला, तेव्हा चुलीचा धूर बंद करायचाच असं मी ठरवलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. विजेवरचा तवा करायला घेतला: ४ किलोची बिडाची प्लेट, खाली १००० वॅटची कॉइल, कडेला तापमान मोजणारा थर्मोकपल. दर अर्ध्या मिनिटाला तापमान वहीत टिपलं. ३० अंशांवरून २३० वर जायला साडेनऊ मिनिटं लागली. माझ्या समीकरणानंही तेवढीच सांगितली होती. त्या दुपारी भाकरी टम्म फुगली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "दुपारची फुगती रं, सांजची फुगंना झालीया. पीठ तर तेच हाय."

तिनं पीठ बदललं, पाणी आणखी कडकडीत घेतलं. मी थर्मोकपल बदलला. शेवटी मल्टीमीटर सॉकेटला लावला, तर १८० व्होल्ट. शेतीची लाइन आली होती, शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या होत्या. माझ्या समीकरणात २३० व्होल्ट हा आकडा मी दगडासारखा बसवला होता. व्होल्टेज ७८ टक्क्यांवर आलं की वॅट ६१ टक्क्यांवर येतात, कारण ते व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतात. हजाराचे उरले ६१२.

मग मी उलटा प्रयोग केला. प्लेट २३० अंशांवर नेली, बटण बंद केलं आणि निवताना पाहत बसलो. न्यूटननं १७०१ साली निवण्याच्या नियमाचा लेख छापला, तोही लालभडक लोखंड वाऱ्यात निववूनच. माझी प्लेट सुरुवातीला मिनिटाला २० अंशांनी उतरली. हिशेब केला आणि हबकलो: प्लेट नुसती २३० वर धरून ठेवायलाच ६०० वॅट जात होते. संध्याकाळी भाकरीच्या वाट्याला उरत होते १२.

एका भाकरीतून साधारण ३० ग्रॅम पाणी उडतं, हे मी काट्यावर तोलून पाहिलं. एवढ्या पाण्याची वाफ करायला ६८ हजार ज्यूल लागतात. उष्णता तुटपुंजी असली की वाफ एकदम दाटत नाही, पापुद्रा उचलायच्या आधीच हळूहळू निघून जाते. भाकरी नुसती वाळते. आईचं पीठ निर्दोष होतं, आणि तिनं चार दिवस स्वतःलाच बोल लावला याचं मला फार वाईट वाटलं.

मोटारी बंद करणं माझ्या हातात नव्हतं, उष्णतेची गळती कमी करणं होतं. प्लेटखाली पत्र्याचा डबा बसवला. त्यात काय भरायचं? आईनंच चुलीतली राख चाळून आणून दिली. कॉइलखाली आणि कडेनं ती दाबून भरली. आता निवण्याचा वेग मिनिटाला १३ अंशांवर आला, म्हणजे गळती ४०० वॅटवर.

त्या संध्याकाळी व्होल्टेज १८०च होतं. प्लेट तापायला सोळा मिनिटं लागली. आईनं तेवढ्यात पीठ मळलं, भाकरी थापली, टाकली, वरून पाणी फिरवलं, उलथली. मी आकडा बघत होतो, ती भाकरीकडं. कडेला एक फुगवटा आला, मधोमध सरकला आणि भाकरी वर आली.

"आता तुझ्या बाला हाक मार," ती म्हणाली.