दगडीपाला, हळद, मध

खेड्यात वाढलेल्या माणसाच्या गुडघ्यावर कधीतरी दगडीपाल्याचा रस पिळला गेलेला असतोच. माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात अजूनही जखमेला हिरवा चोथा चिकटलेली मुलं येतात, आणि सोबतची आजी आधीच बजावते, "आयुर्वेदिक आहे हो ते, डॉक्टर!" मी आजींशी वाद घालत नाही. पण हे तण मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. ते चरक-सुश्रुतांच्या पाहण्यात असण्याची शक्यताच नाही.

म्हणून ते कुचकामी ठरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्काने जखम भरायला मदत झालेली दिसली आहे. मात्र उंदराची जखम मुख्यतः भोवतालची कातडी आकसून मिटते. आपल्याकडे नवी ऊती आणि नवी त्वचा तयार व्हावी लागते. शिवाय प्रयोगशाळेत अर्क वापरतात, आपण बांधावरचा पाला चुरगळतो. त्या पाल्यावरच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात.

हळदीच्या बाबतीत आपला अभिमान आड येतो. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हापासून "हळद सिद्ध झाली" असं मी किती वेळा ऐकलं असेल! पेटंट रद्द झालं ते हा उपयोग नवा नव्हता म्हणून. गुण येतो की नाही, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. हळदीतलं कर्क्युमिन जेमतेम दोन-पाच टक्के, तेही पाण्यात जवळपास न विरघळणारं. भेसळीच्या हळदीत तर रंगासाठी शिशाचं संयुग घातलेलं सापडतं. अशी पूड उघड्या जखमेत भरायला माझा ठाम विरोध आहे.

मधाची गोष्ट वेगळी, आणि तिचा एक धागा सोलापूरचा आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम यांची तुलना केली. 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त ती १९९१ मध्ये छापून आली. मध सरस ठरला. प्रतिस्पर्धी तसा लेचापेचाच म्हणायचा, कारण हे मलम स्वतःच जखम भरायला वेळ लावतं, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. तरी उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही, त्वचेची पूर्ण जाडी न जळालेल्या भाजण्यावर मध नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी गुण देतो, असा निष्कर्ष निघाला. साध्या कापण्या-खरचटण्याबद्दल मात्र पुरावा तोकडा आहे.

मध जंतूंमधलं पाणी ओढून घेतो, तो आम्लधर्मी असतो आणि त्यातल्या विकरामुळे थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. तापवला की हे विकर मरतं. फडताळातल्या बाटलीत बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणूही असू शकतात, म्हणून रुग्णालयातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

दिवाळीत फुलबाजीने हात भाजला तर तो लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काहीही नको. फोड आले, किंवा चेहरा वा डोळा भाजला, तर थेट डॉक्टरांकडे जा. नुसतं खरचटलं असेल तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टी बांधा, आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली होती ते घरात विचारा.