इंजिन किती उंच ठेवायचं? आमच्या पांदणीनं शिकवलेलं

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पोराचं हाड मोडल्यावर सुचलेलं शहाणपण आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आमचं वावर दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात. गावापासून 2 किलोमीटर पांदण. पावसाळ्यात ट्रॉल्यांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, मधे मातीचा उंचवटा राहतो अन् वाळला की दगडासारखा होतो. बैलजोडी विकल्यावर खत नेणं, कापूस आणणं अवघड झालं. म्हणून मी अन् मूर्तिजापूरचा माझा साळा, आम्ही भंगारातून गाडी बनवली. पुढे लोडिंग ऑटोचं डिझेल इंजिन, मागे जुन्या जीपचा आस. धुऱ्यावरूनही जावी म्हणून आस कापून चाकांमधलं अंतर 40 इंच केलं. हीच पहिली चूक.

इंजिन खाली ठेवलं होतं. रिकाम्या गाडीत ऑइल चेंबर जमिनीपासून 7 इंच. बरं वाटलं. पण कापूस भरला की पाटे बसायचे अन् 5 इंचच उरायचे. उंची मोजायची ती भरल्या गाडीची, हे तवा कळलं नाही. पहिल्याच वेचणीत चेंबर दगडावर आदळून फुटला, ऑइल सांडलं, अन् मला कळेपर्यंत इंजिन जाम.

मग रागारागात सगळंच उचललं. फ्रेमखाली 6 इंचांचे चॅनलचे तुकडे टाकले. इंजिन वर, डालाही वर. खालून दगड लागणं बंद झालं. मी खूश.

पुढच्या हंगामात नाल्याच्या उतारावर एक चाक चाकोरीत उतरलं, दुसरं उंचवट्यावरच राहिलं. वर 4 क्विंटल कापूस, अन् गाठोड्यांवर माझा पोरगा. गाडी हळूच कलली अन् पडली. पोराच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. जिवावर आलं होतं, हाडावर निभावलं.

दवाखान्यातून आल्यावर आबाजी एवढंच बोलले, "काहून रे, आपली बंडी कधी अडकली काय या पांदनीत?"

त्या रात्री हिशेब मांडला. चाकांमधल्या अंतराचं अर्धं घ्या, त्याला वजनाच्या मध्याच्या उंचीनं भागा. आकडा जेवढा मोठा, तेवढी गाडी घट्ट. आधी वजनाचा मध्य अंदाजे 24 इंचांवर होता: 20 भागिले 24, म्हणजे 0.83. उचलल्यावर 20 भागिले 30, म्हणजे 0.67. त्यात चाकोरी 8 इंच खोल अन् गाडी 40 इंच रुंद, म्हणजे सपाट पांदणीतही गाडी 11 अंश कललेलीच. नाल्याचा उतार त्याच्यावर वेगळा.

आबाजींच्या बंडीचं उत्तर चाकात होतं. चाक मोठं की आस आपोआप वर. फ्रेम कितीही उचला, जीपच्या आसाचा मधला गोळा जागचा हलत नाही. तो फक्त मोठ्या चाकानं वर जातो. चाकाचा व्यास 6 इंच वाढला की उंची 3 इंच वाढते. अमेरिकेत 1924 साली फार्मॉल ट्रॅक्टर निघाला, तो उभ्या कपाशीतून अन् मक्यातून चालावा म्हणून. त्यात मागच्या चाकांजवळ वेगळे गिअर देऊन आस वर घेतला होता. तो खटाटोप आपल्या हातचा नाही, मोठं चाक आहे.

आता गाडी अशी आहे:

चाकं 23 ची काढून 29 इंचांची. गोळा साडेसहावरून साडेनऊ इंचांवर आला. ओढ मात्र पाचवा हिस्सा घटली, म्हणून खालच्या गिअरवर चालवतो.

आस रुंद, 56 इंचांचा. दोन्ही चाकं चाकोरीत बसतात.

डाला परत खाली. कापसाचं वजन इंजिनापेक्षा जास्त, मग खाली यायला पाहिजे ते तेच. इंजिन मूळ जागेपेक्षा फक्त 3 इंच वर. भरल्या गाडीत चेंबर 11 इंचांवर, त्याखाली जाड पत्रा.

इंजिन थोडं मागे सरकवलं. आधी सगळं वजन पुढे होतं, रिकाम्या गाडीची मागची चाकं चिखलात नुसती फिरायची. पण फार मागे नेऊ नका, चढावर पुढचं चाक हलकं होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.

आता 28 भागिले 27, म्हणजे 1.04. अन् कापसावर माणूस बसवणं कायमचं बंद.

एक सांगून ठेवतो. सांगलीच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी सुमारे 60 हजारांत किकनं सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण नियमात बसत नसल्यानं ती रस्त्यावर थांबवली जाईल हेही लिहिलं, अन् बदल्यात बोलेरो दिली. आपल्याला कोणी बोलेरो देत नाही. म्हणून आमची गाडी पांदण अन् वावर सोडून डांबरी रस्त्यावर जात नाही.

पोरगा आता बरा आहे. कुणी अशी गाडी बनवत असाल, तर वेल्डिंगच्या आधी टेप घेऊन पांदणीत जा. चाकोरीची खोली अन् दोन चाकोऱ्यांतलं अंतर मोजा. मी ते पोरगा पडल्यावर मोजलं.