चकलीचं बिऱ्हाड

तुमच्या डोक्यात आत्ता जे तीन प्रश्न आलेत, त्यांची उत्तरं आधीच देऊन टाकते. नाही, ती विषारी नाही. नाही, ती दूध पीत नाही. आणि नाही, ती रात्री माझ्या गळ्यात वेटोळं घालून झोपत नाही. (चौथा प्रश्न ‘लग्नाचं काय?’ हा असेल, तर तो विचारायचा हक्क आईने स्वतःकडे राखून ठेवलाय.)

चकली ही रॉयल पायथन आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. छोटा म्हणजे आपल्याकडच्या अजगराच्या मानाने हं, एरवी बाईसाहेब चांगल्या चार फुटी आहेत. अमेरिकेत हिला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरली की ती चावायला धावत नाही, डोकं मधोमध लपवून स्वतःचा चेंडू करून टाकते. सोमवारच्या मीटिंगमध्ये मलाही नेमकं हेच करावंसं वाटतं! रंग चॉकलेटी, त्यावर बदामी पट्टे. गुंडाळून बसली की डिट्टो भाजणीची चकली. नाव शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी राहते इंग्लंडमध्ये, लीड्सला. २०२२च्या ऑगस्टमध्ये कोथरूडहून आले, ‘दोनच वर्षांचा प्रश्न आहे गं’ असं आईला सांगून. दोनच वर्षं म्हटल्यावर सामान कशाला जमवायचं? जमिनीवर गादी, एक घडीची खुर्ची, एक कढई आणि दोन सुटकेस. कपाट असूनही कपडे सुटकेसमध्येच. फंडा सोपा होता. २३-२३ किलोच्या दोन बॅगांत मावत नाही अशी एकही वस्तू घ्यायची नाही.

दोनाची सव्वादोन वर्षं झाली आणि मी साप घेतला.

असं एकदम नाही झालं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर मी वीकएण्डला एका प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरमध्ये मदतीला जायचे. तिथे सहा वर्षांची एक रॉयल पायथन मालकाने घर बदललं म्हणून येऊन पडली होती. कुत्र्याचं पिल्लू आलं की घेणाऱ्यांची रांग लागते, सापाकडे लोक काचेतून बघतात आणि पुढे जातात. मला मात्र तिचं एक आवडलं. ती कोणाकडूनच काही मागत नव्हती. शेपटी हलवणं नाही, मस्का नाही. दिवसभर दहा लोकांशी गोड बोलून घरी येणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

इथे रॉयल पायथनला लायसन्स लागत नाही. घरमालकाची परवानगी मात्र मी लेखी घेतली. मग सुरू झालं तिचं घर मांडणं.

सापाच्या घराचं एकच तत्त्व आहे. त्याचं शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब तयार करत नाही, तो ती जागा बदलून मिळवतो. म्हणून घराचं एक टोक गरम हवं आणि दुसरं थंड. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच अशी लाकडी पेटी, समोर सरकत्या काचा आणि काचांना कुलूप. (कुलूप मस्ट! साप फट शोधण्यात आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा हुशार असतो.) उजवीकडे छताला सिरॅमिक हीटर, त्याच्याभोवती जाळी, कारण जाळी नसेल तर ती उबेला बिलगून स्वतःला भाजून घेईल. हीटरला थर्मोस्टॅट, आणि यात काटकसर अजिबात नाही. गरम टोकाला ३२ अंश, थंड टोकाला २५च्या आसपास. दोन्हीकडे एकेक थर्मामीटर, शिवाय हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, कारण हवा कोरडी झाली की कात तुकड्यातुकड्यांत निघते. खाली नारळाच्या सोडणाचा जाडसर भुसा. कोकणात आपण तो फुकट जाळतो, इथे मी पिशवीचे पैसे मोजले.

आणि लपायला गुहा, एक नाही, दोन. आफ्रिकेत हे साप दिवस काढतात तो उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. दोन्ही बाजूंनी अंगाला भिंत लागली की त्यांना सुरक्षित वाटतं. गुहा एकच ठेवली तर ऊब हवी की आडोसा, असं काहीतरी एक निवडावं लागतं. दोन्ही टोकांना सारख्या गुहा असल्या की ही वेळच येत नाही.

साप आणण्याआधी आठवडाभर हे रिकामं घर चालवून बघायचं असतं. सकाळ-संध्याकाळ तापमान मी एक्सेलमध्ये भरत होते. (मी टेस्टर आहे, सवय जाते का?) एकूण खर्च साडेतीनशे पाउंड. त्या रात्री जमिनीवरच्या गादीवरून मी त्या पेटीकडे बघत होते. पक्की भिंत, मंद ऊब, दोन खोल्या, मोठं पाण्याचं भांडं. अख्ख्या फ्लॅटमधलं तेवढंच एक खरं घर होतं. आणि सुटकेसमध्ये न मावणारी माझी पहिली वस्तूही.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. चकली उशीच्या अभ्र्यात बसून आली, सरळ थंड टोकाच्या गुहेत शिरली आणि गायब! नियम असा की पहिला आठवडा हात लावायचा नाही. पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. हौसेने फोटो काढायचे नाहीत, मित्रांना बोलावून दाखवायचं नाही. नव्या जागेचा वास ओळखीचा होईपर्यंत तुम्ही तिच्यासाठी एक मोठं, गरम, हलणारं संकट असता.

आठवड्यानंतर पहिलं जेवण. फ्रोझन उंदीर मिळतो. तो फ्रिजमध्ये हळूहळू वितळू द्यायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा आणि लांब चिमट्याने समोर धरायचा. (माझी आई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य करते, तिची मुलगी शनिवारी रात्री हे करते.) चकलीने जीभ दोनदा लपलपवली, तोंड फिरवलं आणि चेंडू झाली.

दहा दिवसांनी पुन्हा नाही. त्यापुढच्या खेपेलाही नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तोंड, श्वास, अंग सगळं ठीक. रॉयल पायथन उपासासाठी प्रसिद्धच आहेत. जागा बदलली की आणि थंडीच्या दिवसांत ते महिनोन्‌महिने खात नाहीत. डॉक्टर म्हणाले, वजन टिकून आहे ना बघा, तापमान सांभाळा, आणि रोज रोज विचारू नका. सारखं समोर धरलं तर ती आणखी बुजेल.

तेव्हा दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर डबा, डब्यात चकली. १७६० ग्रॅम. १७५२. १७४५. तिकडे लीड्समध्ये दुपारी चारला अंधार पडायला लागला होता आणि इकडे रोज आईचा व्हिडिओ कॉल. तिचा पहिला प्रश्न सव्वादोन वर्षं एकच होता, ‘जेवलीस का?’ आता त्यात भर पडली, ‘आणि ती?’

आईचं माहेर बत्तीस शिराळा. तिच्या लहानपणी नागपंचमीला जिवंत नाग दारोदार पूजेला येत. पुढे न्यायालयाच्या आदेशांनी त्या प्रथेला आळा बसला. म्हणजे सापाची भीती तिला आपल्याइतकी नाही. ‘शी’, ‘बाई गं’ असं ती एकदाही म्हणाली नव्हती. म्हणून नोव्हेंबरातल्या एका कॉलवर तिने सहज विचारलं तेव्हा मीही सहज उत्तर दिलं.

‘किती वर्षं जगतात गं ह्या?’

‘नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं.’

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तू आता तिकडचीच.’

होम लोनसुद्धा वीस वर्षांत फिटतं हो. आणि चकलीला बॅगेत घालून पुण्याला आणता येत नाही. ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या यादीत आहे. दोन्ही देशांची परवानगी हवी आणि भारतात २०२४च्या नियमांप्रमाणे नोंदणीही. (हे वाचून तुम्हाला उत्साह आला असेल तर आपल्याकडच्या नाग, धामण, घोणस, अजगराचा विचारही नको. ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि परदेशी जातीचा साप कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.) आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त वर्षांचा हिशेब केला होता आणि तो बरोबर होता.

मी तिला ‘छे गं, तसं काही नाही’ म्हणू शकले असते. नाही म्हणाले. ‘मला अजून माहीत नाही, आई,’ एवढंच म्हणाले. सव्वादोन वर्षांत या विषयावर आम्ही बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

१४ डिसेंबर, नववा आठवडा. रात्री साडेनऊला दिवे मंद करून मी चिमटा धरला आणि सवयीने दुसरीकडेच बघत बसले. गुहेतून डोकं बाहेर आलं. या सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, अंधारातही कोमट उंदीर त्यांना ‘दिसतो’. मान इंग्रजी एससारखी मागे गेली, आणि फटाक! चिमटा माझ्या हातून निसटला. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत, चकली परत गुहेत. आता ४८ तास हात लावायचा नाही. मी मात्र टुणकन उडी मारून आईला मेसेज केला, ‘जेवली!!!’ पुण्यात पहाटेचे तीन वाजून गेले होते. मिनिटभरात उत्तर आलं, ‘बरं झालं. आता झोप.’

ती जागीच होती.

२०२५च्या मेमध्ये आई तीन महिन्यांसाठी आली. मला वाटलं, आधी पेटी बघेल. तिने आधी माझी गादी बघितली, मग सुटकेस, मग पेटी. ‘हिचं बिऱ्हाड छान मांडलंस,’ म्हणाली. पुढचं वाक्य बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात पलंग आला, मग पडदे, मग चार माणसांचं टेबल.

२९ जुलैला नागपंचमी होती. आईने पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, पुरणाचे दिंड उकडले. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. मी तिला सांगितलं, बेनिनमधल्या विदा गावात रॉयल पायथनचंच देऊळ आहे. तिथले साप रात्री गावात फिरतात, कोणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना पाहुण्यासारखं सांभाळून परत पोहोचवतात. आई म्हणाली, ‘म्हणजे ही तिकडची नागोबाच की.’ मग पाटावरचं दूध बघून मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘माहितेय, तिला नाही देत. तिचा शनिवार.’

ऑगस्टमध्ये आई परत गेली. मी इथे राहणार की परतणार, हे अजून ठरलेलं नाही. फोनवर तीही आता रोज विचारत नाही. कपडे कपाटात गेलेत. दोन्ही सुटकेस रिकाम्या, पलंगाखाली आहेत. त्या टाकून देऊ का विचारलं तर म्हणाली, ‘असू देत, लागतील कधीतरी.’

मीही असू दिल्यात.