चेनकव्हर

ओरलला सरांनी विचारलं, "बेल्ट आणि चेनमध्ये फरक काय?" मी घडाघडा बोललो, "बेल्ट घसरतो सर, चेन घसरत नाही." मार्क मिळाले. पण हे मी पुस्तकात शिकलो नव्हतो.

मोखाड्याजवळच्या आमच्या गिरणीत एकदा नागलीबरोबर खिळा आत गेला. दगड अडकला, पट्टा पुलीवरून उतरला आणि इंजिन वाचलं. बाबा म्हणाले, "पट्टा घसरतो म्हणून निभावतं."

चेन निभावून नेत नाही. बारावीनंतर स्टाईल म्हणून मी बाबांच्या गाडीचं चेनकव्हर काढलं. "बसव रे परत," बाबा रोज सांगायचे. मी "हो" म्हणायचो. जुलैत आईला ताप भरला. तिला मागे बसवून भर पावसात जव्हारच्या दवाखान्यात निघालो. चेनचं ऑइल धुऊन गेलेलं, चिखलाने ती झिजून सैल झालेली. चढावर चेन उतरून अडकली, मागचं चाक जाम झालं आणि आम्ही दोघं रस्त्यावर! आईचं कोपर फुटलं होतं. ती विचारत होती, "तुला लागलं का रे?"

पुढे वाचलं, की बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलमध्ये इंजिनकडून पट्टा येतो आणि पुढची चेन बंद पेटीत, तेलात फिरते. काही मॉडेल्समध्ये तिच्या जागी दातेरी पट्टा आलाय. त्याला तेल लागत नाही, वजनही कमी.

सरांनी शेवटी विचारलं, "मग चेन वाईट?"

"नाही सर. झाकली तर चांगली."

मित्रांनो, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उघड्या चेनच्या गाड्या दिसल्या की मला अजून ते कोपर आठवतं.